पाठ सरळ झाली, पुढे काय?

डोंबिवलीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंच्या पाठीच्या कण्याला लहानपणापासून बाक होता. चाळिशीनंतर तो वाढला, पायांत कळा येऊ लागल्या, म्हणून मोठं ऑपरेशन केलं. त्याला आता आठ महिने झाले. जाऊबाई ताठ चालतात, जखमही छान भरली आहे. पण अजून त्या खाली बसत नाहीत, पाण्याची बादली उचलत नाहीत आणि दुपारी दोन तास आडव्या होतात. पत्राच्या शेवटी या भगिनी लिहितात, "सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत, पण भांडी आपटतात. दोघींचं काम माझ्या एकटीच्या अंगावर पडलं आहे. ताई, खरं सांगा, आणखी किती दिवस असं चालायचं?"

असा प्रश्न मनात आला म्हणून कोणी वाईट ठरत नाही. दुखणाईताची विचारपूस करायला दहाजणी येतात, पण तिच्या वाटचं काम ओढणारीला कोणी विचारत नाही. म्हणून आजचं पान या दोघी जावांसाठी.

उत्तर थोडक्यात आधीच सांगते. अशा ऑपरेशननंतर घरात दोन याद्या कराव्यात. एक भरून येणाऱ्या गोष्टींची, आणि दुसरी कायमच्या बदललेल्या गोष्टींची. पहिल्या यादीला वेळ द्यायचा. दुसऱ्या यादीची वाट पाहायची नाही, तिच्यासाठी घरच थोडं बदलायचं. पुष्कळ घरांत नेमकं उलटं होतं. जे भरून यायचं आहे त्याची घाई करतात, आणि जे पुन्हा होणारच नाही त्याची वर्षानुवर्षं वाट पाहतात. मग दोन्ही बाजूंनी चिडचिड.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरातून हे सगळं गेलेलं आहे. माझ्या नणंदेचं, म्हणजे आमच्या वन्संचं, हेच ऑपरेशन जानेवारी २०१८ मध्ये झालं आणि पहिले पाच महिने त्या माहेरी, टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरी होत्या. दुसरा मजला, लिफ्ट नाही, घरात सहा माणसं आणि माझी सकाळची शाळा. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आणि घराने जे शिकवलं ते, दोन्ही खाली देते.

आत नेमकं काय केलेलं असतं

पाठीचा कणा मागून पाहिला तर सरळ दिसायला हवा. तो एका बाजूला झुकला, त्याला पीळ पडला आणि एक्स-रेवर ही वक्रता दहा अंश किंवा जास्त भरली, की डॉक्टर त्याला स्कोलिऑसिस म्हणतात. अंश मोजायची आजही वापरतात ती पद्धत अमेरिकेतल्या डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. थोडासा बाक असलेल्या कितीतरी बायकांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. ब्लाऊज शिवताना शिंपी म्हणतो, एक खांदा उतरता आहे, तेवढंच. पण वक्रता पन्नास अंशांच्या पुढे गेलेली असेल, तर ती मोठेपणीही दरवर्षी साधारण एखाद्या अंशाने वाढत राहू शकते. त्यातच चाळिशी-पन्नाशीत मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, नसा दबतात आणि उभं राहणं नको होतं. मग ऑपरेशनचा विचार होतो.

कुब्जेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. श्रीकृष्णाने हनुवटीला बोटं लावून वर उचललं आणि ती क्षणात सरळ झाली. डॉक्टरांना क्षणात जमत नाही. ते मणक्यांत स्क्रू बसवतात, दोन बाजूंनी दोन सळ्या घालतात, जमेल तेवढा कणा सरळ करतात आणि कडेने हाडाचे बारीक तुकडे पसरतात. पुढे त्या तुकड्यांचं हाड होऊन ते मणके एकमेकांना जोडले जायचे असतात. आंब्याचं कलम आठवा. वरून पट्टी आवळलेली असते, पण जोड धरायचा तो आतून. सळ्या आणि स्क्रू म्हणजे ती पट्टी. आतला जोड पक्का व्हायला मोठ्या माणसाला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. तो धरला नाही, तर तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते तशी सळी पुढे कधीतरी तुटू शकते.

म्हणजे पत्रातल्या जाऊबाईंची जखम बाहेरून भरली असली, तरी आठव्या महिन्यात आतलं काम अजून चालू असण्याचा संभव आहे. सरळ दिसणारी पाठ आणि बळकट पाठ यांत काही महिन्यांचं अंतर असतं. घरच्यांना सरळ पाठ दिसते, अंतर दिसत नाही.

'सहा महिने हलू नकोस' हे कुठून आलं?

दुसऱ्या टोकाचा सल्ला देणाऱ्याही भेटतात. "सहा महिने गादीवरून उठू नकोस" असं वडीलधाऱ्या बायका सांगतात, आणि ते अगदीच निराधार नव्हतं. अमेरिकेत ह्यूस्टन इथे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे पोलिओने पाठी वाकलेली मुलं येत. त्यांच्यासाठी त्यांनी १९५०च्या दशकात पाठीत सळी घालायची युक्ती बसवली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. ती सळी दोन टोकांनाच धरलेली असे. म्हणून ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने प्लास्टरच्या जाकिटात राहावं लागे. १९८०च्या दशकात फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबुसे या डॉक्टरांनी दोन सळ्या जागोजागी मणक्यांना अडकवायची पद्धत आणली, आणि प्लास्टरची गरज पुष्कळ कमी झाली. आता बहुतेक ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उभं करून चालवतात. पडून राहिलं तर स्नायू वितळतात, पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते.

जाता जाता एक सूचना. तुमच्या ओळखीत त्या जुन्या काळी, लहानपणी सळी घातलेली कोणी बाई असेल आणि आता पन्नाशी-साठीत ती पुढे झुकून चालू लागली असेल, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. त्या सळीने काही जणींच्या कमरेचा नैसर्गिक खोलगटपणा सपाट झालेला असतो आणि त्रास उशिरा सुरू होतो. मणक्याच्या सर्जनना एकदा दाखवून घ्यावं.

पहिली यादी: भरून येणारं

पहिले तीन महिने तीन 'व' पाळायचे. वाकायचं नाही, कमरेतून वळायचं नाही आणि वजन उचलायचं नाही. वजन किती, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावं. आमच्याकडे सुरुवातीला दोन किलो सांगितलं होतं, म्हणजे दुधाच्या दोन पिशव्या. भरलेला पाच लिटरचा कुकरसुद्धा त्यात बसत नाही.

कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदमच वळवायची, लाकडाचा ओंडका लोटावा तसं. मग पाय पलंगाखाली सोडत हाताच्या आधाराने उठायचं. हॉस्पिटलात हे शिकवतात. घरी आल्यावर नवरा प्रेमाने हात धरून ओढतो, ते करू नये.

थकवा हा सर्वांत जास्त टिकतो, आणि त्यावरूनच घरात सर्वांत जास्त गैरसमज होतात. वन्सं सहाव्या महिन्यातसुद्धा आंघोळ आणि नाश्ता झाला की दमायच्या. दुपारची झोप वर्षभर लागली. इतकं मोठं ऑपरेशन झालेल्या बाईची शक्ती हाड जोडण्यात आणि नव्या ठेवणीत उभं राहायला शिकण्यात जात असते. इतकी वर्षं वाकड्या कण्याला सवयीचे झालेले स्नायू सगळे नव्याने कामाला लागतात, म्हणून कधी भलत्याच ठिकाणी, बरगडीत किंवा खांद्याखाली दुखतं.

वळाच्या आजूबाजूची कातडी बधिर लागते. काही महिन्यांत तिथे मुंग्या येतात, खाज येते, हळूहळू संवेदना परतते. एखादा चतकोर कायमचा बधिर राहिला तरी घाबरायचं कारण नसतं.

मनाचंही सांगते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची वर्दळ संपते, दुखणं मात्र असतं. वन्सं एका संध्याकाळी म्हणाल्या, "वाकडी होते तरी स्वतःची कामं करत होते ना गं!" असं वाटणं साधारण आहे, पण झोप उडाली, जेवण सुटलं, आठवडेच्या आठवडे रडू येत राहिलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं असतं.

चालणं हेच खरं औषध. आधी घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. दुसऱ्या महिन्यापासून वन्सं सकाळी लवकर, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत, तलावपाळीपर्यंत जाऊन बाकावर बसून परत येत. चौथ्या महिन्यात तलावाला पूर्ण फेरी झाली त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला.

खाण्यापिण्याचं

डिंकाचे लाडू सगळेच आणतात. एखादा जरूर खावा, पण हालचाल कमी असताना दिवसाला चार खाल्ले तर वजन वाढतं आणि ते नव्या जोडावरच बसतं. रोजच्या ताटात डाळ-उसळ, दूध-दही, नाचणी, तीळ, चालत असेल तर अंडी-मासळी. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, तेव्हा पाणी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका. ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासायला सांगितली असेल तर टाळू नये, विशेषतः पाळी गेलेल्या किंवा जायला आलेल्या बायकांनी.

तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद. आपल्याकडे पुष्कळ बायका मिश्रीला दात घासायची वस्तू समजतात, डॉक्टरांनी व्यसन विचारलं तर 'नाही' म्हणतात. मिश्रीतही तंबाखूच असते, आणि निकोटीनमुळे हाडाचा जोड धरायला अडथळा होतो. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही घेऊ नयेत. त्यांतल्या काहींमुळेही जोड लांबू शकतो.

मालिशवाली, हाडवैद्य, "एक झटका दिला की मोकळं होईल" म्हणणारे, यांना दारातूनच नमस्कार करावा. जोडलेल्या कण्याला झटका द्यायचा नसतो. योगासनं चांगली, पण सूर्यनमस्कार, हलासन, पश्चिमोत्तानासन यांत कणा वाकवायचा असतो. कुठली आसनं करायची आणि कधी, हे सर्जननी आणि फिजिओथेरपिस्टने सांगावं, वर्गातल्या मैत्रिणीने नाही.

दुसरी यादी: कायमचं बदललेलं

मानेत सात, पाठीत बारा आणि कमरेत पाच मणके असतात. आपण पुढे वाकतो ते मुख्यतः कमरेच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून. म्हणून ज्या बाईचे फक्त पाठीचे मणके जोडले, तिला वर्षभराने फारसा फरक जाणवत नाही. पण कंबर खाली माकडहाडाजवळच्या हाडापर्यंत जोडली असेल, तर कणा एक सलग खांब होतो आणि वाकणं फक्त खुब्यातून उरतं. ते व्यायामाने परत येत नाही. जोडण्यासाठीच तर ऑपरेशन केलेलं असतं.

म्हणून पहिलं काम हे करा. कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत जोड आहे, सळी कुठल्या धातूची आहे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. पुढे एमआरआय काढताना, दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी, बाळंतपणात तो लागतो. कमरेत जोड असेल तर पाठीतून भूल देणं अवघड जाऊ शकतं, भूलतज्ज्ञाला आधी माहीत असावं.

कंबर जोडलेल्या बाईच्या दुसऱ्या यादीत साधारण अशा गोष्टी येतात: जमिनीवर बसून विळीवर चिरणं, खाली वाकून केर-फरशी, मोरीत उकिडवं बसून कपडे धुणं, भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, पायाची नखं, जोडवी घालणं, साडीच्या निऱ्या खालून सारख्या करणं आणि वाकून नमस्कार.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून मीच लिहिते. कंबर जोडल्यावर शौचानंतर हात मागे पोहोचत नाही. बायका मुकाट्याने पाणी कमी पितात, बाहेर जाणं टाळतात, लेकीलाही सांगत नाहीत. उपाय साधा आहे. कमोड असावा आणि त्याला पाण्याचा जेट बसवून घ्यावा. कमोडवर पायांची जागा बदलून, पुढच्या बाजूने, असं हळूहळू जमतं. हे शिकवणारे तज्ज्ञ असतात. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था १९५५ पासून आहे. फिजिओथेरपीप्रमाणेच रोजची कामं नव्या पद्धतीने कशी करायची ते शिकवणारा विभागही तिथे आहे. मोठ्या हॉस्पिटलांतही व्यवसायोपचार म्हणून वेगळा विभाग असतो. लाजू नये, विचारावं.

घर कसं बदलावं

यात फार खर्च नाही.

रोज लागणारी भांडी, डबे, तेल-मीठ-पीठ हे सगळं ओट्यापासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणावं. ओट्याखालच्या फडताळात वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू. ओटा बुटका असेल तर पोळपाटाखाली लाकडी पाट ठेवला की उंची बरोबर येते. एका पायाखाली चार बोटं उंचीचा पाट घेऊन उभं राहिलं तर कंबर कमी भरते. मध्येमध्ये पाय बदलावा.

बादली भरून उचलायची नाही. नळाला रबरी नळी लावून बादली जागेवरच भरावी, तांब्याने रिकामी करावी. लांब दांड्याचा मॉप, लांब दांड्याची सुपली आणि पडलेली वस्तू उचलायचा लांब चिमटा, या तीन वस्तू घरात असल्याच पाहिजेत. चिमट्याने वन्सं कपड्यांची क्लिपसुद्धा उचलतात.

मोरीत खरबरीत लाद्या नसतील तर रबरी चटई, भिंतीत पक्का दांडा, आणि आंघोळीला प्लास्टिकचं उंच स्टूल. दारातली सैल पायपुसणी काढून टाका. पलंग गुडघ्याइतका उंच हवा. मऊ, खोल सोफ्यावर बसू नये, उठता येत नाही. हातांची खुर्ची उत्तम.

जिना चढायला हरकत नसते, पण कठडा धरून, दोन्ही हात रिकामे ठेवून. आमच्याकडे भाजीची पिशवी वर ओढायला गॅलरीतून दोरी सोडली होती. मुलांना ते काम फार आवडलं.

आमचं देवघर जमिनीवर चौरंगावर होतं. पूजा वन्संची आवडीची, पण खाली बसता येईना. महिनाभर त्या दारातूनच हात जोडत होत्या. एके दिवशी मी शाळेतून आले तर सासूबाईंनी देव कमरेइतक्या उंच फडताळात हलवलेले. मला म्हणाल्या, "तिला खाली येता येत नाही, तर त्यांनी वर यावं." तेव्हापासून देव तिथेच आहेत, आणि आता सासूबाईंच्या गुडघ्यांनाही ते बरं पडतं.

कपडे आणि आरसा

कणा सरळ झाला की उंची वाढते. वन्संची दीड इंच वाढली आणि सगळे परकर आखूड झाले. नवे शिवायची घाई करू नका, खाली पट्टी जोडून भागतं. ब्लाऊज मात्र सहा महिन्यांनी नव्या मापाने शिवावेत, कारण खांदे आणि पाठीचा घेर दोन्ही बदलतात. पहिले महिने पुढून हूक किंवा बटणं असलेले गाऊन. साडी नेसताना चपला आधी घालाव्यात, मग निऱ्या. खालून निऱ्या सारख्या करायला दुसरीची मदत घ्यावी, किंवा निऱ्या आधीच करून क्लिपने धरून मग खोचाव्यात.

वळाबद्दल बायकांना फार वाटतं. मानेपासून कमरेपर्यंत उभी रेघ! वन्संनी मागचा गळा बंद करून टाकला होता. त्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २०१८ ला, इंग्लंडची राजकन्या युजेनी हिचं विंडसरला लग्न झालं. २००२ मध्ये बाराव्या वर्षी तिचं हेच ऑपरेशन झालेलं. तिने मुद्दाम पाठ उघडी राहील असा पोशाख शिवून घेतला होता, वळ दिसावा म्हणून. तो फोटो वर्तमानपत्रात आला तेव्हा इथे नवरात्र चालू होतं. वन्संनी तो बराच वेळ पाहिला आणि दिवाळीच्या ब्लाऊजचा गळा शिंप्याला नेहमीसारखा ठेवायला सांगितला. पुढे त्या राजकन्येला दोन मुलंही झाली, हे लग्नाच्या मुलींच्या आयांनी लक्षात घ्यावं. पाठीत सळी आहे म्हणून मुलीचं लग्न, मूलबाळ अडत नाही. डॉक्टरांना आधी विचारावं, इतकंच.

नवरा-बायकोच्या सहवासाबद्दलही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं. काही आठवड्यांनी, जपून, पाठीला आधार राहील अशा बेताने तो सुरू करता येतो. दोघांनीही भीतीपोटी अबोला धरण्यात अर्थ नाही.

बाहेर पडताना

रिक्षात मधे बसावं, दोन्ही पाय टेकवून, आणि खड्डे आले की हळू घ्यायला आधीच सांगावं. स्कूटरवर मागे बसणं डॉक्टर म्हणेपर्यंत नको. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये पहिलं वर्ष चढूच नये. धक्का आणि पीळ दोन्ही एकदम बसतात. नोकरी असेल तर वेळ बदलून मागावी. नुसतं ऑपरेशन झालं म्हणून दिव्यांगांच्या डब्याचा पास मिळत नाही. २०१६च्या कायद्याप्रमाणे पुष्कळ सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्रास तेवढा उरला असेल तर अर्ज करावा.

आमच्या टेंभी नाक्याच्या देवीला १९७८ पासून नवरात्रात किती गर्दी होते ते ठाणेकरांना सांगायला नको. त्या दिवसांत रस्ते वाहनांना बंद होतात, म्हणून तपासणीची तारीख आधी किंवा नंतरची घेतली होती. नवव्या महिन्यात वन्सं देवीला गेल्या, पण अगदी सकाळी, रांग लहान असताना, आणि मी शेजारी घडीचं स्टूल घेऊन. अर्ध्या रांगेत त्या स्टुलावर बसल्या तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, "धडधाकट तर दिसतात!" वन्संनी वळून (सगळ्या अंगाने वळून) शांतपणे सांगितलं, "पाठीत सळ्या आहेत." त्या बाईंनी पुढे जागा करून दिली. लोक बहुतेक वेळा वाईट नसतात, त्यांना दिसत नाही इतकंच.

वाकून नमस्काराचंही तसंच. भाच्याच्या लग्नात वन्संनी हात जोडले, तर घरातले एक वडीलधारे रुसले. आता आम्ही कार्याच्या आधीच यजमानीणबाईंच्या कानावर घालतो, आणि वन्सं हात जोडून, मान लववून नमस्कार करतात. आशीर्वाद तेवढाच मिळतो.

ताबडतोब डॉक्टरांकडे

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पायात नवी ताकद कमी होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पोटरी सुजून दुखणं, दम लागणं यांत एक रात्रही थांबू नये. वर्ष-दोन वर्षांनी "कट्" असा आवाज होऊन नवीन दुखणं सुरू झालं किंवा बाई पुन्हा एका बाजूला, पुढे झुकू लागली, तरीही दाखवावं. जोडाच्या वरच्या-खालच्या मोकळ्या मणक्यांवर भार जास्त येतो, म्हणून बरं वाटत असलं तरी सांगितलेल्या तारखांना एक्स-रे काढावेत.

आता डोंबिवलीच्या भगिनींसाठी

तुमच्या जाऊबाईंची दुपारची झोप पहिल्या यादीतली आहे. साधारण दीड वर्षाच्या आत ती बरीच कमी व्हावी. बादली आणि खाली बसणं बहुधा दुसऱ्या यादीतलं असेल. पुढच्या तपासणीला त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः जा आणि डॉक्टरांना एकेक काम विचारून दोन्ही याद्या लिहून घ्या. घरी आल्यावर कामाची वाटणी नव्याने करा. ओट्यापाशी उभ्याने होणारी फोडणी, कणीक मळणं डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर पोळ्या, टेबलावर बसून भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास, दुधाचा-वाण्याचा हिशेब, बँकेची आणि बिलांची कामं त्यांच्याकडे. केर-फरशी, धुणं, पाणी तुमच्याकडे किंवा बाईकडे. बाई लावायला पैसे लागतात, पण ते ऑपरेशनच्या खर्चातच धरायला हवे होते. घरच्या पुरुषांना हे तुम्ही दोघींनी मिळून सांगा. बादली उचलायला त्यांनाही हात आहेतच.

आणि तुमची स्वतःची पाठ सांभाळा. वजन उचलताना गुडघ्यांतून वाका, दुपारी अर्धा तास तुम्हीही आडव्या व्हा, शक्य तर दोघी एकाच वेळी. सासूबाईंना हे पान वाचून दाखवायचं असेल तर जाऊबाई समोर असताना दाखवा, म्हणजे त्यांच्या पाठीमागे बोलल्यासारखं होणार नाही. याद्या झाल्या की काय ठरलं ते जरूर कळवा.